यातलं सगळ्यात हलकं कुठलं?

आई माझ्याकडे राहायला आली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवसाची गोष्ट. सकाळी माझा व्यायाम चालू होता आणि ती दारात येऊन उभी राहिली, हातात टॉवेल, घडी घालता घालता मधेच थांबलेली. माझा सेट, म्हणजे उचलण्याची एक फेरी, संपेपर्यंत काही बोलली नाही. मी डंबेल खाली ठेवून बेंचवर श्वास घेत बसले तेव्हा तिने विचारलं, "यातलं सगळ्यात हलकं कुठलं गं?" मी कोपऱ्यातल्या साडेसात किलोच्या जोडीकडे बोट दाखवलं. ती आत आली, वाकली, एका हाताने त्यातलं एक उचलायला गेली, ते जमिनीवरून बोटभर वर आलं आणि लगेच तिने हळूच परत टेकवलं. "जड आहे गं." मी म्हटलं, "हो आई, माझ्याकडचं सगळं जडच आहे." ती "बरं" म्हणाली आणि टॉवेलची राहिलेली घडी घालत निघून गेली.

बस, एवढंच झालं.

पण ते "बरं" काही डोक्यातून जाईना. ती रागावली नव्हती, हिरमुसली पण नव्हती, निदान तसं दिसलं नाही. तिने फक्त मान्य करून टाकलं की हे आपल्यासाठी नाहीये. आणि हे तिला सांगितलं कोणी तर मी. रात्री झोपायच्या आधी मी त्या खोलीत जाऊन उगाच उभी राहिले. साडेसात, दहा आणि साडेबारा किलोचे षटकोनी डंबेल, १२ आणि १६ किलोचे दोन केटलबेल म्हणजे वर कडी असलेले लोखंडी गोळे, भिंतीला टेकवलेला बार म्हणजे लांब दांडा, त्याच्या टोकांना अडकवायच्या वजनाच्या प्लेट्स, पाठ वरखाली होणारा बेंच, खुंटीवर लटकणारे जाड रबरी बँड. चार वर्षं एकेक करून जमवलेलं सामान. प्रत्येक वस्तू घेताना मी रात्र रात्र वाचलंय, मापं घेतलीत, तुलना केलीये, आणि मला त्या सामानाचा मनापासून अभिमान वाटत आलाय. त्या रात्री पहिल्यांदा ते सामान मला एखाद्या शिडीसारखं दिसलं जिच्या खालच्या पायऱ्याच कोणीतरी काढून नेल्यात.

घरी व्यायाम सुरू करणारा प्रत्येकजण पहिला प्रश्न एकच विचारतो, किती किलोचे घेऊ? मीही तोच विचारला होता. आणि समोरचा पण लगेच आकडा सांगून मोकळा होतो, पाच घे, दहा घे, अरे थोडे जडच घे, महिन्याभरात हलके वाटायला लागतील. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण उचलणार कोण, कुठल्या व्यायामासाठी, आज त्याला काय उचलवतंय हे कोणी विचारत नाही. पाच किलोचं डंबेल हातात धरून उठाबशा काढल्या तर ते जाणवत पण नाही, आणि तेच पाच किलो हात सरळ ठेवून बाजूने खांद्यापर्यंत वर न्यायला लागा, चांगला धडधाकट माणूस थरथरतो. हात सरळ केला की वजन खांद्यापासून लांब जातं, तरफ लांब होते, खांद्याला ते कितीतरी पटीने जड पडतं. त्यामुळे "माझं वजन पाच किलो" असं काही नसतंच मुळी. एकाच माणसाला एकाच दिवशी, एकाच तासात, तीन-चार वेगवेगळी वजनं लागतात, आणि म्हणून मला अजूनही वाटतं की सुरुवातीला एकच एक ठरावीक वजनाची जोडी घेणं ही सगळ्यात वाईट खरेदी. ती जोडी एका व्यायामाला हलकी पडते, दुसऱ्याला जड, आणि मग दाराच्या मागे जाऊन बसते.

माझी पहिली खरेदी त्या मानाने बरी होती, म्हणजे आता मागे वळून बघताना बरी वाटते. लोखंडी दांड्यांची जोडी, टोकांना आटे, त्यावर फिरवून घट्ट करायचे नट, आणि सव्वा, अडीच आणि पाच किलोच्या प्लेट्स. पेटी उघडल्यावर आलेला तेलाचा आणि नव्या लोखंडाचा वास अजून आठवतो. हाताला काळं लागलं होतं. दांडी धरली की तिच्यावरची खरखरीत नक्षी तळव्यात रुतायची आणि सकाळच्या वेळी लोखंड इतकं थंड असायचं की पहिला सेट नुसता ते गरम करण्यात जायचा. या प्रकाराची अडचण अशी की प्लेट बदलायला वेळ लागतो, दर वेळी चार नट काढा, चार घाला, आणि हालचाल चालू असताना नट हळूहळू ढिले होतात, म्हणून दर सेटच्या आधी हाताने पिळून बघायची सवय लावावीच लागते, विशेषतः जे काही आपण तोंडावर धरून उचलणार आहोत त्याच्या बाबतीत तर लागतेच. शिवाय दांड्या लांब. मांडीवर टेकवायला गेलं की टोक रुततं. म्हणून वर्षभराने मी षटकोनी डंबेल घेतले, जे ठेवले की गडगडत नाहीत, उचलले की लगेच तयार, आणि त्या दांड्या गेल्या कपाटावर.

मधल्या काळात एकदा मी ऑनलाइन जास्तीच्या प्लेट्स मागवल्या आणि त्या आल्या त्या मोठ्या भोकाच्या. दांड्यांचे दोन प्रकार असतात हे मला माहीतच नव्हतं, एक साधी साधारण एक इंच जाडीची आणि दुसरी ऑलिम्पिक मापाची, जिच्या टोकांचा व्यास ५० मिलिमीटर असतो. माझ्या बारीक दांडीवर त्या प्लेट्स अशा लोंबकळल्या की उचलायची भीती वाटावी. परत करायला खूप त्रास झाला. तेव्हापासून कोणी विचारलं तर मी वजनाच्या आधी भोक विचारते. एकदा ५० मिलिमीटरचं ठरवलं की पुढची सगळी खरेदी त्याच मापाची करायची, नाहीतर घरात दोन वेगळे संसार होतात आणि एकातलं दुसऱ्याला चालत नाही.

दादाने वेगळा मार्ग धरला, डायलवाले घेतले. खाली ठेवायचा एक तळ, त्यात डंबेल ठेवायचं, डायल फिरवायचा, पाहिजे तेवढ्या प्लेट्स उचलल्या जातात, बाकीच्या खाली राहतात. जागा कमी असणाऱ्याला याच्यासारखी सोय नाही, एका जोडीत दहा-पंधरा जोड्या मावतात. पण त्याचा जीव आतल्या यंत्रणेत असतो. ते आपटायचे नाहीत, दमून हातातून सोडायचे नाहीत, आणि प्रत्येक वेळी उचलल्यावर तळाच्या वर दोन इंचावर धरूनच जरा हलवून बघायचं की सगळं नीट अडकलंय ना, कारण अर्धवट फिरलेल्या डायलने सुटलेली प्लेट कुठे पडेल ते सांगता येत नाही. दादा शांत माणूस, वस्तू जपणारा. मी शेवटच्या रेपला, म्हणजे शेवटच्या उचलीला, दात-ओठ खाऊन धपकन ठेवणारी. त्याला जे बरोबर ते मला बरोबर नाही, आणि हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

केटलबेलवर माझा जीव जरा जास्तच आहे. हे मूळचं रशियातलं, तिथे त्याला गिरिया म्हणतात, आणि वजन पूड या जुन्या मापात मोजायचे, एक पूड म्हणजे सोळा किलोच्या थोडं वर. म्हणून जुन्या पायऱ्या १६, २४, ३२ अशा. आता चार-चार किलोच्या टप्प्याने मिळतात. घेताना मी काय बघते तर हँडल. आतून बोट फिरवायचं, ओतकामाची कड राहिली असेल तर ती शंभर स्विंगमध्ये, म्हणजे शंभर झोक्यांत, तळवा फाडते. रंगाचा थर जाड गुळगुळीत असेल तर घामाने निसटतं. स्पर्धेचे केटलबेल असतात त्यांची एक गोष्ट मला फार आवडते, वजन काहीही असो आकार तोच राहतो, आठ किलोचा आणि बत्तीस किलोचा शेजारी ठेवले तर रंगावरून ओळखायचे. त्यामुळे वजन वाढलं तरी तो मनगटाच्या मागे ज्या जागी टेकतो ती जागा बदलत नाही, शरीराला नव्याने शिकावं लागत नाही. ज्याने कोणी हे ठरवलं त्याने उचलणाऱ्याचा विचार केला होता.

बार घेतला तेव्हा मात्र मी खरंच अभ्यास केला. पुरुषांच्या स्पर्धेचा बार २० किलोचा, २.२ मीटर लांब, बायकांचा १५ किलोचा, २.०१ मीटर, आणि हातात धरायची जाडी २८ ऐवजी २५ मिलिमीटर. तीन मिलिमीटर म्हणजे काय असं वाटतं, पण लहान हाताच्या माणसाला बोटं पूर्ण वळून अंगठा त्यावर येतो की नाही हे त्या तीन मिलिमीटरवर ठरतं. मी पंधराचा घेतला आणि त्याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही. खोली मोजताना नुसती बारची लांबी मोजून चालत नाही, दोन्ही बाजूंना उभं राहून प्लेट सरकवायला जागा लागते, आणि वर हात ताठ करून बार डोक्यावर धरला तर छताचा पंखा कुठे येतो तेही बघावं लागतं. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. घरी सुरुवातीला हलक्या, म्हणजे लहान प्लेट्स असतात, बार खाली जातो, आणि जमिनीवरून उचलताना पाठ वाकते. मी कित्येक महिने अशीच वाकून उचलत होते आणि कंबर का दुखते म्हणून स्ट्रेचिंग करत होते. शेवटी खाली दोन्हीकडे रबराच्या लाद्यांची चळत रचून बार वर आणला, आणि दुखणं थांबलं. या गोष्टीचा पुढे उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

रॅक, म्हणजे बार टेकवायची उभी चौकट, मी अजून घेतलेला नाही. एकटीने बारखाली झोपून छातीवर वजन घ्यायचं असेल तर बाजूला आडवे सुरक्षा बार असलेला रॅक पाहिजेच, या एका बाबतीत मी कोणाशी तडजोड करत नाही. तो नाही म्हणून तो व्यायाम मी डंबेलने करते, जमलं नाही तर दोन बाजूंना सोडता येतात. बेंचबद्दल पण लोक विचारतात किती किलोचा घेऊ, तर त्यावर लिहिलेल्या आकड्यात आपलं स्वतःचं वजन पण धरलेलं असतं हे लक्षात ठेवायचं. साठ किलोचा माणूस चाळीस किलो घेऊन झोपला की शंभर झाले.

मी एवढं सगळं लिहितेय आणि मला दिसतंय की यात कुठेही आई नाहीये. माझी सगळी मापं वरच्या बाजूची होती. किती पेलेल, किती मावेल, पुढच्या वर्षी किती लागेल.

एक हिशोब मी त्या रात्री बसून मांडला. डंबेलच्या रांगेत प्रत्येक टप्पा अडीच किलोचा दिसतो, सारखा, शिस्तीत. पण २० वरून साडेबावीसला जाणं म्हणजे साडेबारा टक्के वाढ. १० वरून साडेबाराला २५ टक्के. पाचवरून साडेसातला जायचं तर ५० टक्के. आणि अडीचवरून पाचला जाणं म्हणजे सरळ दुप्पट. म्हणजे जो आधीच ताकदवान आहे त्याच्यासाठी पायऱ्या बुटक्या, आणि जो सगळ्यात खाली उभा आहे त्याच्यासाठी सगळ्यात उंच! बारवर दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलो टाकून ६० चे साडेबासष्ट करणाऱ्याला चार टक्के वाढ पुरते, आणि आयुष्यात पहिल्यांदा वजन हातात घेणाऱ्या माणसाकडून आपण एका आठवड्यात दुप्पट मागतो. मग तो म्हणतो माझ्याच्याने नाही होत. अर्ध्या किलोच्या छोट्या चकत्या मिळतात, मनगटाला बांधायच्या पट्ट्या मिळतात, पण त्यांच्याकडे कोणी खरी साधनं म्हणून बघत नाही. माझं स्वतःचं खांद्याचं काम साडेसातवर आठ महिने अडलं होतं, आणि मी आठ महिने स्वतःला दोष दिला, रांगेतल्या त्या मोकळ्या जागेला नाही.

क्रोटॉन या दक्षिण इटलीतल्या प्राचीन ग्रीक वसाहतीतल्या मिलोची दंतकथा सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेली असते, पैलवान रोज वासरू खांद्यावर घ्यायचा, वासरू वाढत गेलं, एक दिवस तो अख्खा बैल उचलत होता. सांगणारे नेहमी शेवटच्या बैलावर जोर देतात. मला आता त्यातलं वासरू महत्त्वाचं वाटतं. वासरू कधी एका रात्रीत दुप्पट होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत थॉमस डीलॉर्म नावाचे एक लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांच्या गुडघ्यांवर काम करत होते. तोपर्यंतची पद्धत हलके व्यायाम पुष्कळ वेळा करायची होती, त्यांनी पायाला लोखंडी बूट बांधून वजन वाढवत नेलं. १९४५ मध्ये त्यांनी हे छापलं, आणि आज आपण जे सेट आणि रेप म्हणतो त्याचा बराचसा पाया तिथला आहे. पुढे रूढ झालेली त्यांची पद्धत काय तर या माणसाला आज दहा वेळा नीट उचलता येईल असं वजन आधी शोधायचं, मग त्याच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊण वजनाने दुसरा, पूर्ण वजनाने तिसरा, आणि थोड्या दिवसांनी परत शोधायचं. म्हणजे आकडा त्या माणसाच्या गुडघ्याला विचारून यायचा.

आणि १९९० सालचा तो अभ्यास, मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. वृद्धाश्रमात राहणारी दहा माणसं, सरासरी वय नव्वद, आठ आठवडे मांडीचा व्यायाम. आणि तो नुसता हातपाय हलवायचा नव्हता, त्यांच्या त्यांच्या ताकदीच्या मानाने चांगला जड होता. नऊ जणांनी पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! हा आकडा मला कित्येक वर्षं पाठ होता. मी लोकांना सांगायचे. आणि माझी एकोणसत्तर वर्षांची आई दारात उभी राहून हलकं कुठलं विचारते तेव्हा मी तिला जडच आहे म्हणून परत पाठवते. माहीत असणं आणि सुचणं यात इतकं अंतर कसं असतं हे मला अजून कळलेलं नाही.

लहानपणी आम्ही राहायचो तिथे वरच्या मजल्यावर पाणी चढायचं नाही. आई खालून दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन जिना चढायची. पंधरा लिटरची बादली, म्हणजे एका हातात पंधरा किलो आणि वर बादलीचं वजन. वर पोचली की बादल्या ठेवून बोटं उघडायची-मिटायची, कडीचे लाल वळ उठलेले असायचे आणि मी त्या वळांवरून बोट फिरवायचे. मी १६ किलोचा केटलबेल एका हातात धरून खोलीत येरझाऱ्या घालते आणि त्याला व्यायाम म्हणते, त्यासाठी टाळ्या मिळाव्यात असं वाटतं. ती ते रोज करायची, तीन-चार खेपा, आणि त्याला काही नाव नव्हतं. ती ताकद गेली कधी? तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायू थोडे थोडे कमी होत जातात, साठीनंतर वेग वाढतो, हे वाचलेलं असतं, पण आपल्या माणसाच्या बाबतीत ते दिसत नाही कारण रोज डोळ्यांसमोर असतं, किंवा माझ्यासारखं वर्षातून दोनदाच असतं. आता ती जमिनीवरून उठते तेव्हा आधी एक हात जमिनीवर, मग गुडघ्यावर, मग भिंतीवर. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी दांडे दाबते आणि तोंडाने हलका "हं" निघतो. तो आवाज मी इतक्या वेळा ऐकलाय की ऐकणंच बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कपाटावरून त्या जुन्या दांड्या काढल्या. धूळ पुसली. रिकामी दांडी, दोन्ही नटांसकट, काट्यावर ठेवली तर जेमतेम दोन किलो भरली. इतकी वर्षं मी तिला वजन म्हणून मोजलंच नव्हतं, ती नुसती प्लेट्स अडकवायची वस्तू होती. नट काढले तर आणखी हलकी. म्हणजे आईने विचारलं तेव्हा खरं उत्तर घरात होतं, तिच्या डोक्याच्या वर दोन फुटांवर.

आधी तिच्या डॉक्टरांना विचारलं, तिला बीपीच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी होकार दिला, फक्त श्वास कोंडून जोर लावायचा नाही, ताकद लागते तेव्हा श्वास सोडायचा, आणि चक्कर वाटली की थांबायचं. मग बँड घेतले, माझे ते जाडजूड वेटोळे नाहीत, सगळ्यात पातळ, लांब पट्टीचे. बँडची गंमत अशी की जितका ताणाल तितका जड होत जातो, सुरुवातीला अगदी नाजूक, त्यामुळे दुखऱ्या सांध्याला एकदम धक्का बसत नाही, आणि पाय जरा पुढेमागे केला की पायरी हवी तेवढी बुटकी करता येते. रंगावर मात्र विसंबू नये, एकाचा लाल म्हणजे दुसऱ्याचा लाल नसतो. उन्हात ठेवला की रबर तडकतं, म्हणून दर वेळी बोटांत ताणून चिरा बघायच्या, आणि दारात अडकवायचा तर दार ओढलं की बंद होईल त्या बाजूने ओढायचं, उघडेल त्या बाजूने नाही. आईने तो हातात घेतला, ताणला, सोडला, परत ताणला. म्हणाली, "हे जमतंय." चेहऱ्यावर काही फार नव्हतं, पण तिने तो परत दिला नाही, मांडीवर ठेवून बसली.

सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो मात्र माझा पहिला बेंच, साधा सपाट. मी तो चुकीची खरेदी समजत होते. पाठ वरखाली होत नाही म्हणून सहा महिन्यांत मी दुसरा घेतला आणि याच्यावर पॅसेजमध्ये कपड्यांचे ढीग जमायला लागले. मोजून बघितला, उंची ४३ सेंटिमीटर, जवळपास खुर्चीएवढी, दांडे नाहीत, हलत नाही, कुठे घडी नाही की सांधा नाही. तो भिंतीला टेकवून ठेवला. आईला म्हटलं, हात छातीवर घडी घालून बस आणि न धरता उठ. नाही उठता आलं. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा ती म्हणाली राहू दे. आणि तेव्हा मला बारखालची ती रबराच्या लाद्यांची चळत आठवली. दोन सेंटिमीटर जाडीच्या, कापून उरलेले तुकडे होते. चार तुकडे बेंचवर एकावर एक ठेवले, पट्ट्याने घट्ट बांधले, वरून टॉवेल. ५१ सेंटिमीटर झाले. आई बसली, पाय मागे घेतले, पुढे झुकली आणि उठली. परत बसली. परत उठली. तिचं तिलाच जरा आश्चर्य वाटलं असावं, कारण माझ्याकडे न बघता ती गुडघ्यांकडे बघत होती.

तेव्हापासून सोमवार आणि गुरुवार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत असं आहे, पासष्टीच्या पुढे तोल सांभाळायचे व्यायाम पण जोडून तीन दिवस, तर तिसरा दिवस आम्ही पॅसेजमध्ये एकापुढे एक पाऊल टाकत चालण्याचा ठेवलाय, भिंतीपासून हातभर अंतरावर. दांडी ती बसून खांद्यापर्यंत आणते, दहा वेळा. तीन आठवड्यांनी दोन्ही टोकांना अर्ध्या-अर्ध्या किलोची चकती लावली. ती लावताना तिने माझा हात थांबवला आणि नट स्वतः फिरवला, मग मी करते तसाच पिळून बघितला. मी हे तिला सांगितलं नव्हतं, तिने दारातून बघितलेलं होतं. किती दिवस बघत होती कोण जाणे.

मला बरं वाटतं आणि त्याच वेळी कुठेतरी दुखतं पण. दर वेळी ती उठते तेव्हा वाटतं हे चार वर्षांपूर्वी सुरू करता आलं असतं, मी पहिली दांडी आणली तेव्हाच. फोनवर मी तिला माझे आकडे सांगायचे, आज एवढे उचलले, आणि ती म्हणायची, जप हं पाठीला. मी तिला एकदाही विचारलं नाही की तू काय उचलतेस. आणि हेही वाटतं की आता करतोय ते पुरेल का, किती वर्षं पुरेल. काही दिवस तिचा गुडघा कुरकुरतो, त्या दिवशी नुसता बँड. काही दिवस तिला कंटाळा येतो आणि ती तसं सरळ सांगते, मग मी पण आग्रह करत नाही, दोघी बेंचवर बसून बोलत राहतो.

पहिली लादी निघाली ती दीड महिन्याने. दुसरी त्यानंतर महिनाभराने. तिसरी काढायला जरा घाई झाली, मी तिला न सांगता काढली होती, ती बसली आणि लगेच म्हणाली, "आज खाली आहे गं हे." दोन सेंटिमीटर तिला बसल्या बसल्या कळले. परत ठेवली, दोन आठवडे थांबलो, मग निघाली. आता एकच राहिलीये. काल गुरुवार होता. दहा वेळा उठून झाल्यावर ती बेंचवरच बसून राहिली, श्वास शांत होऊ दिला, मग टॉवेलची कड उचलून खालची लादी बोटाने चाचपली, किती जाड आहे ते बघत असल्यासारखी. मी विचारलं, "काढायची का?" तिने जरा विचार केला.

"आज राहू दे. सोमवारी बघू."

मी पट्टा परत घट्ट केला.